काही न खाता सकाळची शुगर वाढते, मग ती येते कुठून?

प्रश्न काय आहे ते आधी थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांचं वय ४६, टाइप २ डायबेटिस निघून दोन वर्षं झाली, गोळी फक्त मेटफॉर्मिन. रात्री आठला जेवतात, अकराला झोपताना ग्लुकोमीटरवर १२८, मधे पाण्याशिवाय काही नाही आणि सकाळी सातला १६१. वैतागून दोन दिवस रात्रीचं जेवणच बंद केलं तर सकाळी १६८. मग शुगर उतरेपर्यंत काही खायचंच नाही म्हणून अकरापर्यंत उपाशी राहिले, तरी उतरली नाही. मशीन बिघडलंय की गोळी लागू पडत नाही असं विचारलंय, आणि घरच्यांना तर खात्रीच आहे की हा रात्री उठून गुपचूप काहीतरी खातो.

मशीनचं आधी उरकून टाकतो. घरच्या मीटरमधे साधारण १५ टक्के इकडेतिकडे चालवून घेतलं जातं, म्हणजे खरी शुगर १४० असेल तर मशीनने १२० दाखवली काय आणि १६० दाखवली काय, ते मशीन नापास होत नाही. त्यामुळे १६१ आणि १६८ यात वाढ झाली असं म्हणूच नका, ते एकच रीडिंग समजा. हात न धुता बोट टोचलं आणि बोटाला काही गोड लागलेलं असलं तरी आकडा फुगतो. पण मशीनची चूक कधी वर कधी खाली अशी असते, रोज झोपताना कमी आणि रोज सकाळी जास्त अशी शिस्तीत नसते. तेव्हा तुमचं मशीन बहुतेक ठीक आहे, आणि तुम्ही चोरून खात नाही यावर माझा पूर्ण विश्वास आहे, ही तक्रार माझ्याकडे कायम येते, बऱ्याचदा नवरा-बायकोचं भांडण घेऊनच येते.

तुमचा खरा प्रश्न मशीनचा नाही आणि गोळीचाही नाही. तुम्ही मनात एक हिशेब धरलाय की रक्तातली साखर म्हणजे पोटात गेलेली साखर, मग पोटात काही गेलं नाही तर रक्तात वाढायचं कारणच काय. हा हिशेब जेवणानंतरच्या तीनचार तासांपुरता बरोबर आहे. त्याच्यापुढे रक्तात जी साखर असते ती जवळजवळ सगळी लिव्हरने सोडलेली असते (थोडी किडनीही बनवते, पण ते आत्ता बाजूला ठेवू). फास्टिंग शुगर, म्हणजे सकाळची उपाशीपोटीची, बघून कालचं जेवण कसं होतं हे कळत नाही, रात्रभर लिव्हरला आवर घालणारं कोणी होतं की नाही हे कळतं. हे एकदा डोक्यात बसलं की तुमचे तिन्ही आकडे आपोआप समजतील.

जरा आकडेमोड करू. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त. शुगर १०० म्हणजे दर १०० मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम, म्हणजे सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज किती, तर ५ ग्रॅम. चहाचा एक चमचा, बस. आणि एकटा मेंदू दिवसाला १२० ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज खातो, म्हणजे तासाला ५ ग्रॅम. झोपेतही खातो, झोपलात म्हणून तो काही दुकान बंद करत नाही. तांबड्या पेशींना तर ग्लुकोजशिवाय दुसरं काही चालतच नाही कारण चरबी जाळायची यंत्रणाच त्यांच्यात नसते. मग रक्तातला चमचाभर साठा तासाभरात संपायला हवा, आणि तरी तुम्ही रात्री जेवून सकाळपर्यंत धडधाकट उठता, कारण लिव्हर थेंब थेंब पुरवठा चालू ठेवतं. रात्रभराच्या उपाशी अवस्थेत हा वेग किलोमागे मिनिटाला २ मिलिग्रॅमच्या आसपास असतो, ७० किलोच्या माणसात तासाला आठेक ग्रॅम. आठ तासांच्या झोपेत ६५ ग्रॅमच्या आसपास साखर लिव्हर रक्तात ओततं आणि हे निरोगी माणसातही होतं, डायबेटिस असो नसो. ज्यांना वाटतं की आपण साखर सोडली म्हणजे अंगात साखर नाही, त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

हे कळायला माणसाला बराच वेळ लागला. १९व्या शतकाच्या मध्यापर्यंत समजूत अशी की साखर फक्त वनस्पती बनवतात, प्राणी ती खातात आणि जाळतात. फ्रान्समधे क्लोद बर्नार नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने कुत्र्यांना नुसतं मांस खायला घातलं आणि तरी लिव्हरमधून बाहेर पडणाऱ्या रक्तात त्याला साखर सापडली. १८५५ मधे त्याने अजून सोपा प्रयोग केला, मेलेल्या प्राण्याचं लिव्हर पाण्याने साखर निघायची थांबेपर्यंत धुतलं आणि तसंच ठेवून दिलं, दुसऱ्या दिवशी बघतो तर त्यात परत साखर तयार. म्हणजे आत कुठेतरी साठा होता. दोन वर्षांनी त्याने तो वेगळा काढला, त्यालाच आपण ग्लायकोजेन म्हणतो.

लिव्हर साखर दोन मार्गांनी देतं. एक हा साठा फोडून, चांगलं जेवल्यावर लिव्हरमधे १०० ग्रॅमच्या आसपास ग्लायकोजेन असतं. स्नायूंमधे याच्या तीनचारपट असतं पण त्याचा रक्ताला उपयोग नाही, कारण ग्लुकोज पेशीबाहेर सोडण्यासाठी जे शेवटचं एन्झाइम लागतं ते स्नायूत नसतं, स्नायू आपलं आपणच वापरतो. दुसरा मार्ग म्हणजे नवीन साखर बनवणं. स्नायूंकडून आलेलं लॅक्टेट, प्रोटीनमधली अमिनो अ‍ॅसिड, चरबीतून निघालेलं ग्लिसरॉल असा कच्चा माल घेऊन लिव्हर अख्खं ग्लुकोज तयार करतं. रात्र सरता सरता या दोन्हींचा वाटा निम्मा-निम्मा होतो, आणि टाइप २ मधे हा दुसरा कारखाना गरजेपेक्षा जास्त चालतो. म्हणून रात्रीचं जेवण बंद करून सकाळची शुगर खाली आली नाही. पोटातून येणारी बंद झाली, लिव्हरची चालूच होती, उलट जेवणच नाही म्हटल्यावर त्याला वाटलं आज आपल्यालाच सगळं बघायचंय.

आता लिव्हरला थांब कोण म्हणतं आणि सोड कोण म्हणतं? थांब म्हणतं इन्सुलिन, सोड म्हणतं ग्लुकागॉन, दोन्ही पॅन्क्रियाजमधल्या (स्वादुपिंडातल्या) पेशींच्या छोट्या छोट्या बेटांमधून निघतात. ही बेटं पाउल लँगरहान्सने १८६९ मधे बघितली, तेव्हा तो शिकतच होता आणि ती काय करतात हे त्याला सांगता आलं नव्हतं. बेटातल्या बीटा पेशी इन्सुलिन करतात आणि अल्फा पेशी ग्लुकागॉन.

बीटा पेशी शुगर कशी मोजते हे मला अजूनही भारी वाटतं म्हणून जरा थांबून सांगतो. तिला मेंदूच्या ऑर्डरची गरज नसते. रक्तात ग्लुकोज वाढलं की ते आपोआप तिच्या आत शिरतं, आत ग्लुकोकायनेज नावाचं एन्झाइम ते जाळायला सुरुवात करतं आणि या एन्झाइमचा वेग शुगर ज्या पट्ट्यात वरखाली होते नेमका त्याच पट्ट्यात बदलतो, म्हणजे शुगर जास्त तर जाळणं जास्त. जाळलं की एटीपी, म्हणजे पेशीचं चलनी इंधन, तयार होतं. पेशीच्या कातड्यावर पोटॅशियम बाहेर जायची छिद्रं असतात ती एटीपी वाढलं की बंद होतात, छिद्रं बंद झाली की पेशीचा विजेचा भार बदलतो, त्याने कॅल्शियमची दारं उघडतात, कॅल्शियम आत येतं आणि आधीच भरून ठेवलेल्या इन्सुलिनच्या पुड्या बाहेर रिकाम्या होतात. हे सगळं मिनिटांचं काम आहे. ग्लिमेपिराइडसारख्या डायबेटिसच्या गोळ्या हीच पोटॅशियमची छिद्रं बंद करतात, फक्त त्या शुगर किती आहे हे न विचारता बंद करतात, आणि म्हणूनच त्या गोळ्यांवर शुगर लो होऊ शकते आणि नुसत्या मेटफॉर्मिनवर सहसा होत नाही. तुमच्या केसमधे हा फरक पुढे कामाला येणार आहे.

हे इन्सुलिन निघाल्यावर आधी कुठे जातं? सगळ्या अंगात नाही, थेट लिव्हरकडे. पॅन्क्रियाजचं रक्त पोर्टल व्हेनमधून पहिल्यांदा लिव्हरमधे जातं आणि निम्म्याच्या आसपास इन्सुलिन तिथेच वापरून संपतं, उरलेलं बाकीच्या अंगाला मिळतं. निसर्गाने लिव्हरला पहिला मान दिलाय तो उगीच नाही. इंजेक्शनचं इन्सुलिन उलट्या रस्त्याने जातं, आधी कातडीखालून सगळ्या अंगात आणि मग लिव्हरमधे, म्हणून इंजेक्शनने शरीराची हुबेहूब नक्कल करणं कठीण जातं.

इन्सुलिन म्हणजे पेशीचं कुलूप उघडणारी किल्ली हे तुम्ही ऐकलंच असेल, डॉक्टर सांगतात, पोस्टरवर चित्र असतं. चूक नाही पण ती निम्मी गोष्ट आहे आणि तुमच्यासारख्यांचा गोंधळ तिच्यामुळेच होतो. स्नायू आणि चरबीच्या पेशींना ही किल्ली लागते. मेंदूला लागत नाही, तांबड्या पेशींना लागत नाही, लिव्हरमधे ग्लुकोज शिरायलाही लागत नाही. रात्री उपाशीपोटी जे थोडंसं इन्सुलिन रक्तात असतं त्याचं मुख्य काम कुलूप उघडणं नसतंच, लिव्हरला साखर सोडण्यापासून आवरणं आणि चरबीला वितळण्यापासून आवरणं हे असतं. त्याला इन्सुलिन कमी लागतं, स्नायूंत साखर ढकलायला त्यापेक्षा बरंच जास्त लागतं. याचा पुरावा बघायचा तर टाइप १ चा पेशंट बघा, ज्याच्या अंगात स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही. ताप आला, उलट्या होतायत, काही खाल्लं नाही म्हणून त्याने इन्सुलिन घेतलं नाही तर शुगर खाली जायच्या ऐवजी ४०० च्या वर जाऊ शकते आणि रक्तात कीटोन (चरबी वितळून तयार होणारी आम्लं) साठून तो आयसीयूत पोहोचतो. पोटात अन्नाचा कण नसताना. म्हणून टाइप १ वाल्यांना आम्ही ओरडून सांगतो की उपाशी असलात तरी बेसल इन्सुलिन, म्हणजे जेवणाशी संबंध नसलेलं रोजचं पायाभूत इन्सुलिन, बंद करायचं नाही, डोस काय करायचा ते फोन करून विचारा.

ग्लुकागॉनकडे पेशंटचं लक्षच नसतं. शुगर खाली यायला लागली की अल्फा पेशी ते सोडतात आणि लिव्हर साठा फोडायला लागतं, नवीन बनवायलाही लागतं. निरोगी माणसात जेवल्यावर शुगर आणि इन्सुलिन वाढलं की ग्लुकागॉन गप्प बसतं. टाइप २ मधे ते नीट गप्प बसत नाही, जेवण झाल्यावरही लिव्हरला सोड सोड म्हणत राहतं. म्हणजे तुमचा आजार हा नुसता इन्सुलिन कमी पडण्याचा नाही, इन्सुलिनचं ऐकलं जात नाही आणि वर ग्लुकागॉन नको तेवढं बोलतंय असा तिहेरी मामला आहे. आतड्यातून निघणारं जीएलपी-१ नावाचं हार्मोन यात मदत करतं, जेवण आतड्यात पोचल्याबरोबर ते बीटा पेशींना तयार राहा सांगतं आणि ग्लुकागॉनला दाबतं. तोंडाने घेतलेल्या ग्लुकोजने सलाइनमधून दिलेल्यापेक्षा इन्सुलिन जास्त निघतं हे १९६४ मधेच दाखवलं गेलं होतं, आत्ता ज्या जीएलपी-१ इंजेक्शनांचा बोलबाला आहे त्यांचं मूळ त्यात आहे. तो वेगळा विषय आहे, इथे वाढवत नाही.

आता तुमची पहाट. झोप लागल्यावर पहिल्या गाढ झोपेत ग्रोथ हार्मोनचे मोठे झटके येतात आणि त्याचा इन्सुलिनविरोधी परिणाम काही तासांनी दिसतो. रात्री दोनतीन नंतर कॉर्टिसॉल हे शुगर वाढवणारं दुसरं हार्मोन चढायला लागतं आणि उठण्याच्या सुमाराला सगळ्यात वर असतं. शरीर उठायची तयारी करतं, दिवसाला लागणारं इंधन आधीच रक्तात आणून ठेवतं. हे सगळ्यांच्यात होतं. फरक एवढाच की ज्याचा पॅन्क्रियाज धड आहे तो त्या वेळी इन्सुलिन जरा वाढवतो आणि शुगर सपाट राहते, तुमचा तेवढं वाढवू शकत नाही किंवा वाढवलं तरी लिव्हर ऐकत नाही. याला डॉन फिनॉमिनन म्हणतात, डॉन म्हणजे पहाट. रात्रंदिवस शुगर मोजत राहणारा सेन्सर लावलेल्या पेशंटच्या मोबाइलवर हे अगदी डोळ्यांनी दिसतं, बारा ते तीन रेघ आडवी पडलेली, साडेतीन-चारच्या सुमाराला तिचं नाक वर होतं आणि सातपर्यंत हळूहळू चढत जाते, टेकाडासारखं नाही, उतरण नसलेल्या चढासारखं. पेशंट म्हणतो डॉक्टर मी तर झोपलो होतो. तो झोपलेला असतो, लिव्हर झोपलेलं नसतं.

इथपर्यंतचं एकत्र करायचं तर: रात्रीची साखर लिव्हर देतं, इन्सुलिन त्याला आवरतं, ग्लुकागॉन त्याला उचकवतं, पहाटे कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हार्मोन उचकवणाऱ्यांच्या बाजूला येतात, आणि तुमच्यात आवरणारा एकटा आणि तोच कमजोर.

एकटा म्हणालो ते मुद्दाम. शुगर खाली आणणारं खऱ्या अर्थाने एकच हार्मोन आहे आणि वर नेणारी चार, ग्लुकागॉन, अ‍ॅड्रेनालिन, कॉर्टिसॉल, ग्रोथ हार्मोन. कारण शुगर १८० झाली तर आज संध्याकाळी काही होत नाही, ३० झाली तर दहा मिनिटांत माणूस बेशुद्ध पडू शकतो. म्हणून खाली जाण्याविरुद्ध पहारे लावलेले आहेत एकामागे एक. साधारण ८० च्या आसपास शुगर आली की निरोगी शरीर पहिलं काम करतं ते इन्सुलिन कमी करायचं. ७० च्या खाली जायला लागली की ग्लुकागॉन आणि अ‍ॅड्रेनालिन, त्याने घाम, थरथर, धडधड आणि भूक. अजून खाली गेली की कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हार्मोन, आणि ५५ च्या आसपास डोकं चालेनासं होतं. ज्यांची शुगर कायम २५०-३०० असते त्यांना १२० ला सुद्धा घाम फुटतो कारण हे पहारे वरच्या आकड्याला सरावलेले असतात, आणि ज्यांना सारखी लो होते त्यांचं उलट, पन्नासला आली तरी काही कळत नाही. दुसरा प्रकार जास्त धोक्याचा.

आता हे परिस्थितीवर अवलंबून आहे म्हणून तुमच्याबद्दल छातीठोक सांगण्याआधी एक करा. दोनतीन रात्री झोपताना, पहाटे तीनला आणि उठल्याबरोबर अशी तीन रीडिंग घ्या. उठल्याबरोबर म्हणजे चहाआधी, फिरायला जाण्याआधी. तीनला १२०-१३० आणि सातला १६० असेल तर पहाटेचाच चढ आहे. तीनलाच १६० असेल तर लिव्हर रात्रभर चालूच आहे किंवा जेवण उशिरा आणि जड होतं, तेलकट जेवण पोटातून सावकाश उतरतं आणि त्याची साखर मध्यरात्रीनंतर दिसते. तीनला ६० आणि सकाळी २०० हा तिसरा प्रकार, रात्री लो होऊन उसळी मारली असं जुन्या पुस्तकात ठळक अक्षरात लिहिलेलं असतं, सोमोजीच्या नावाने ओळखतात. माझं मत असं की याचं नाव फार घेतलं जातं आणि तो दिसतो फार कमी. सेन्सर आल्यापासून कळलंय की रात्री लो झालेल्या बहुतेकांची सकाळही कमीच असते. आणि तो प्रश्न येतो इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांना, तुम्हाला नुसत्या मेटफॉर्मिनवर जवळजवळ नाहीच. पण जे इन्सुलिनवर आहेत आणि सकाळची जास्त दिसली म्हणून रात्रीचा डोस आपल्या मनाने वाढवतात, त्यांनी तीनचं रीडिंग घेतल्याशिवाय तसं अजिबात करू नये. उशी घामाने भिजलेली, सकाळी डोकं जड, भयानक स्वप्नं, अशी तक्रार घेऊन आलेल्या माणसाला तीनला बोट टोचायला लावलं आणि ५४ निघाली, तिथे डोस वाढवायचा नाही, कमी करायचा असतो. दारू घेणाऱ्यांनी तर जास्तच जपावं, अल्कोहोल लिव्हरचा नवीन साखर बनवायचा कारखाना बंद पाडतं आणि लो झाल्यावर वाचवायला कोणी येत नाही.

अजून दोन गोष्टी विचारून घेतो. कुठल्याही कारणाने स्टेरॉइड चालू आहे का, गुडघ्यात खांद्यात इंजेक्शन घेतलं असलं तरी काही दिवस शुगर चढते. सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोन या स्टेरॉइड गोळीचं वैशिष्ट्य असं की ते दुपारची-संध्याकाळची जास्त चढवतं आणि फास्टिंग बऱ्यापैकी राहू शकते, म्हणजे तुमच्या बरोबर उलटं. दुसरं, झोप. मोठ्याने घोरता का, झोपेत श्वास अडकतो असं घरच्यांनी सांगितलंय का, दिवसा पेंगता का. स्लीप अ‍ॅप्नियामधे रात्रभर अ‍ॅड्रेनालिनचे चिमटे बसतात आणि सकाळची शुगर गोळ्या वाढवूनही ऐकत नाही. घरचे रात्री पहारा देतच असतील तर निदान घोरण्याकडे लक्ष ठेवायला सांगा.

गोळीचं म्हणाल तर मेटफॉर्मिनचं मुख्य काम लिव्हरचं उत्पादन कमी करणं हेच आहे. ती लागू पडत नाही असं १६१ वरून म्हणता येत नाही, नसती तर कदाचित १९० असती. डोस किती आहे, सकाळी घेता की रात्री, यावर फरक पडू शकतो, पण तो बदल तुमच्या डॉक्टरांनी किडनीचा रिपोर्ट बघून करायचा. सोबत एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा अंदाज देणारी रक्ततपासणी, करून घ्या. ती सातच्या आत असेल आणि दिवसाची रीडिंग चांगली असतील तर पहाटेच्या चढामागे जीव काढायची गरज नसते, साडेआठ असेल तर मग औषधात भर घालायची वेळ झालीय. म्हणजे सकाळचा आकडा तोच, निर्णय वेगळा.

मग जेवण सोडून उपयोग नाही तर वजन कमी करा असं का सांगतात, असं तुम्ही विचारणार. इथेच गंमत आहे. एका रात्रीचं जेवण सोडणं आणि लिव्हरमधली चरबी उतरवणं या वेगळ्या गोष्टी आहेत. लिव्हरमधे चरबी साठली की ते इन्सुलिनचं ऐकेनासं होतं. २०११ मधे ब्रिटनमधल्या न्यूकॅसलच्या गटाने टाइप २ च्या ११ जणांना दिवसाला ६०० कॅलरीच्या आसपास आहारावर ठेवलं, आठवड्याभरात लिव्हरची चरबी ३० टक्क्यांनी उतरली आणि फास्टिंग शुगर नॉर्मलला आली, वजन फारसं उतरायच्या आधीच. उपाशी राहून एक रात्र लिव्हरकडून जास्त काम होतं पण कमी कॅलरी चालू राहिल्या की लिव्हर स्वतःच्या चरबीतून मोकळं होतं आणि परत ऐकायला लागतं. हा एवढा कडक आहार घरच्या घरी करून बघायचा नाही, विशेषतः इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असताना तर नाहीच. पण सोनोग्राफीत फॅटी लिव्हर लिहिलंय का ते बघा, लिहिलं असेल तर तुमच्या सकाळच्या शुगरचं मोठं कारण तिथे आहे आणि रोजच्या जेवणात थोडी थोडी कपात महिनोन्महिने टिकवली तर ती सकाळी दिसेल.

रात्री जेवल्यावर चाला. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनशिवायही ग्लुकोज ओढून घेतो, ती किल्लीची गोष्ट इथे पुन्हा मोडते, आणि चालण्याचा परिणाम पुढचे काही तास, कधी दिवसभर टिकतो. पण सकाळी उपाशीपोटी जिममधे जाऊन जोरात वजनं उचलली तर अ‍ॅड्रेनालिनने शुगर वीस-तीसने चढलेली दिसेल, घाबरू नका, उतरते.

आता राहिली अकरापर्यंत उपाशी राहायची गोष्ट. ते बंद करा, निदान शुगर उतरावी म्हणून करू नका. उठल्यावर कॉर्टिसॉल वर असतं, इन्सुलिन खाली असतं, तुम्ही खात नाही म्हणजे इन्सुलिन वाढायला काही कारण मिळत नाही आणि लिव्हर पुरवत राहतं. काही जणांत पहिलं खाणं पोटात गेलं, जीएलपी-१ आणि इन्सुलिन निघालं की लिव्हर गप्प बसतं आणि दोन तासांनी शुगर खाण्याआधीपेक्षा कमी निघते, लोकांचा विश्वास बसत नाही. काही जणांत सकाळीच सगळ्यात जास्त उसळी येते कारण इन्सुलिनला विरोध सकाळी जास्त असतो. तुम्ही कुठल्या गटातले ते मोजूनच कळेल, एक दिवस आठला प्रोटीन जास्त आणि पीठ-साखर कमी असं खाऊन आधी आणि दोन तासांनी मोजा, दुसऱ्या दिवशी नेहमीचं खाऊन तसंच मोजा. तीन रात्रींची रीडिंग आणि ही दोन दिवसांची असा एक कागद डॉक्टरांकडे घेऊन जा, नुसतं सकाळची जास्त येते असं सांगण्यापेक्षा त्यांना त्यावरून गोळी ठरवणं सोपं जाईल. आणि मधेच कधी सकाळची २५० च्या वर यायला लागली, सोबत तहान, सारखी लघवी किंवा वजन उतरणं दिसलं तर कागद पूर्ण व्हायची वाट न बघता त्याच दिवशी जा.